तिठ्यावरची परडी

सरूमावशीला एचआयव्ही होता. हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. आजही नाही.

"लिही," ती मला म्हणाली. "पर गावाचं नाव घालू नको. आन माजंबी."

म्हणून ही नावं खरी नाहीत. कुरवंड्याच्या अंगाची एक वाडी, एवढंच धरून चला.

मावशीचा नवरा खंडाळ्याच्या घाटात क्रेनवर होता. उलटलेले ट्रक उचलायचा. तो वारला तेव्हा गावाला क्षय सांगितला. त्याच आठवड्यात तिची तपासणी झाली. ती तेव्हा तीस वर्षांची होती. पुढे गोळ्या सुरू झाल्या. दर महिन्याला ती लोणावळ्याहून पुण्याला जायची, सरकारी दवाखान्यातून बाटली आणायची. गावाला सांगायची, मणक्याचं औषध. बाटली खुळखुळू नये म्हणून तोंडाशी कापूस कोंबायची आणि तांदळाच्या डब्यात खोल खुपसून ठेवायची. रोज रात्री जेवणानंतर एक गोळी. दहा वर्षांत एकही चुकली नव्हती.

मी तिच्याहून अठरा वर्षांनी लहान. तरी आम्ही मैत्रिणी होतो. ती टेकडीवरच्या एका शेठच्या बंगल्यावर स्वयंपाक आणि झाडलोट करायची. मी एम.ए. संपवून घरी आले होते, सकाळी त्याच वाटेनं फिरायला जायचे. चालता चालता ती मला स्वप्नं सांगायची.

"काल वलवणचं धरान आटलं व्हतं. तळाला आख्खं गाव. मानसं पंगतीला बसल्याली. एक ताट वाडून ठिवल्यालं. म्हनलं, ह्ये कुनाचं? तर समदी माज्याकडं बगाया लागली."

किंवा, "माजी सावली माज्या आदी घरात शिरली आन आतनं कडी लावली. म्या भाईर."

मला वाटायचं, बाई गोष्टी रचते. मी त्या वहीत उतरवून घ्यायचे. पुढे कळलं, त्या काळात जी गोळी देत, तिनं पुष्कळांना अशी स्वप्नं पडत. मी जिला लोककथा समजत होते, ते औषध होतं.

२०२०च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं. गाड्या बंद, पुणं बंद. गावानं रस्त्यावर बोरीच्या फांद्या आणि दगड टाकले. बाजीराव आणि त्याची चार पोरं तिथं आळीपाळीनं बसायची. आत येणाऱ्याला आणि बाहेर जाणाऱ्याला एकच प्रश्न: कोण, कुटं, कशापायी. मावशीला बंगल्यावर जायची मुभा होती. शेठ मुंबईत अडकला होता आणि त्याचा कुत्रा इथं.

औषध आणून द्यायला एका संस्थेचा कार्यकर्ता होता. राजेंद्र. तो तळेगावहून मोटारसायकलवर निघायचा आणि मावळभर बाटल्या वाटत फिरायचा. फांद्यांपाशी बाटली दिली असती, तर बाजीरावानं उलटीपालटी करून वाचली असती. बंगल्यावर दिली असती, तर कॅमेऱ्यातून शेठनं पाहिलं असतं. शेठ दिवसभर तेच करायचा. बाटली कुठेतरी ठेवून जायला हवी होती. तीही अशा जागी, जिथं गुराखी, पोरंटोरं, बाजीराव, कुणीच हात लावणार नाही.

मावशीनं जागा काढली.

फांद्यांच्या पलीकडे तिठा आहे. एक वाट गावात येते, एक बंगल्यांकडे जाते, एक कड्याकडे. अमावास्येला तिथं उतारे ठेवतात. आजारी माणसावरून ओवाळून टाकलेला दहीभात, लिंबू, हिरव्या बांगड्या, असं बांबूच्या परडीत घालून. त्याला कुणी शिवत नाही. जो शिवेल त्याला ते लागतं, अशी समजूत. वाट वाकडी करून लोक पलीकडून जातात.

मावशी आदल्या संध्याकाळी परडी ठेवायची. सकाळी राजेंद्र भाताखाली बाटली सारायचा आणि तिला मिस्ड कॉल द्यायचा. बंगल्यावर जाताना ती बाटली ओच्यात घ्यायची. एप्रिलमध्ये जमलं. मे महिन्यात जमलं.

जूनच्या अमावास्येला सूर्यग्रहण होतं. रविवार होता.

ग्रहणात गाव घरात बसलं. बाजीरावही उठून गेला. फांद्यांपाशी पहिल्यांदाच कुणी नव्हतं. आमच्या घरात ग्रहण पाळत नाहीत. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, त्या दिवसापासून घरातून अंगारे, उतारे, पाळणूक, सगळं गेलं. तिठ्यावरचा नारळ आजोबा उचलून आणायचे, फोडायचे आणि घरातल्या पोरांना खोबरं द्यायचे, असं आई सांगते. मी ग्रहण बघायला निघाले.

बघायला काही नव्हतं. ढग खाली उतरले होते. अकरानंतर उजेड हळूहळू विटत गेला. धुकं आधी पांढरं होतं, मग राखेसारखं झालं. बेडकांचा आवाज थांबला. टेकडीवर बंगल्यांची रांग आहे. तीन महिने एकाही बंगल्यात कुणी राहायला नव्हतं. बागेतले दिवे अंधार पडला की आपोआप लागतात, तसे आहेत. ते लागले. एका बंगल्याचे, मग दुसऱ्याचे, मग सगळ्या रांगेचे. भर दुपारी. कुणीतरी आत वावरत असावं, तसे.

मी तिठ्यावर उभी होते. पायाशी परडी होती.

मी ती उचलली. शिकलेली मुलगी म्हणून उचलली. गावाला साथीनं घेरलंय आणि यांचे अजून लिंबूभात चालू आहेत, असा राग होता. परडी वाटली त्याहून जड लागली. आणि आत, भाताखाली, काहीतरी खुळखुळलं.

लिंबू खुळखुळत नाही. भात खुळखुळत नाही.

अंगावर सरसरून काटा आला. टेकडीवर दिवे जळत होते. मला स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेपोटी मी कड्यापर्यंत पळत गेले आणि परडी जोरात खाली भिरकावली. ती धुक्यात गेली. पडल्याचा आवाज आला नाही.

उघडून बघायला हवी होती. आजोबांनी बघितली असती. मी भ्याले म्हणून फेकली. ही गोष्ट कळायला मला पंचवीस दिवस लागले.

ग्रहण सुटल्यावर अंघोळ करून मावशी तिठ्यावर गेली. परडी नव्हती. तिला दोनच शक्यता दिसल्या. कुत्र्यानं ओढून नेली असेल, नाहीतर कुणाच्यातरी हाती बाटली लागली असेल. पहिली खरी असावी म्हणून ती झुडपांत शोधत राहिली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. खाली वाकून, धुक्यात, तिठ्याभोवती गोल.

हे लोकांनी पाहिलं.

"हुंगत फिरत व्हती," शेजारच्या धोंडाबाई मला म्हणाल्या. "म्या सोत्ता बगितलं."

"आजी, काहीतरी हरवलं असेल तिचं."

"हरवलं तर इचारावं मानसानं. तोंड दिलंय न्हवं देवानं? म्या इचारलं, काय गं सरे, काय सांडलं? तर म्हनती, काय न्हाई, काय न्हाई. काय न्हाई तर वाकती कशाला?"

मी मावशीला विचारलं. मलाही ती "काय न्हाई" म्हणाली. आणि तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मला काही माहीत आहे का ते चाचपतेय. मी परडीबद्दल बोलले नाही. बोलण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही.

तिच्याकडे चार गोळ्या उरल्या होत्या. त्या संपल्या. राजेंद्रनं फोनवर दुसरी बाटली आणतो म्हणून सांगितलं, आणि दोनच दिवसांत त्यालाच कोरोना झाला. त्याचा फोन बंद.

जुलैच्या सुरुवातीला वाटेत ती गप्प चालत होती. मी म्हटलं, "मावशी, स्वप्न सांग की."

"पडंनातच," ती म्हणाली. "डोळं मिटलं की नुसतं काळं. पार तळापत्तर काळं."

मी ते वाक्यही वहीत लिहून ठेवलं. तारीख घालून.

त्याच आठवड्यात बाजीरावाच्या वडिलांना ताप आला. गावातला पहिला. घरातले परसात झोपायला गेले, म्हातारा ओसरीवर एकटा पडला. मावशीनं तोंडाला पदर बांधून दोन दिवस उंबऱ्यावर पेज नेऊन ठेवली. मग दवाखान्याची गाडी आली, ते गेले, आणि आठवड्यानं तिकडेच वारले. बाजीरावाला तोंडही बघायला मिळालं नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी लांबून दाखवलं, म्हणाला. तेच आबा होते की दुसरं कुणी, कोण सांगणार?

धोंडाबाईंनी जोडणी केली. तिठ्यावर गोल फिरणारी बाई. तिच्या हातची पेज. म्हातारा गेला.

मग मावशीला ताप आला. तिलाही गाडी घेऊन गेली. जाताना दारं लावलेली होती, फटींतून डोळे होते.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. धाप लागत होती.

"पेरणा, येक काम हाय. दुसरं कुनी न्हाई मला." आणि मग तिनं सगळं सांगितलं. नवरा, तपासणी, गोळ्या, राजेंद्र, परडी. मध्ये मध्ये थांबत. "राजेंद्र बरा झालाय. बाटली घिऊन नाक्यावर येतोय. तू घी, वरचा कागद खरवडून काड, आन हितं पोचती कर. परडी कुनी न्हेली, देवाला ठावं."

मी फोन धरून उभी होते. आई विचारत होती, काय झालं. मला तिचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा येत होता.

कोरोनाचं केंद्र एका शाळेत होतं. फाटकाच्या आत जायला बंदी. मी बाहेर छत्री धरून उभी राहिले. मैदानावर धुकं होतं, त्यातून पांढरे पोशाख फिरत होते. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. बाई की पुरुष, कळत नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गाच्या खिडकीत मावशी येऊन उभी राहिली. कानाला फोन. मी तिला बघत होते आणि तिचा आवाज माझ्या हातातून येत होता.

"कागद काडला?"

"नाही काढला. मावशी, डॉक्टरांना सांग."

"येडी हायेस का? सांगितलं की कागदावर येतं. कागद गावात येतो. आबाचं नाव मोबाईलवर फिरलं का न्हाई, तो जिता आसताना? समद्यांनी वाचलं."

"नाही सांगितलंस तर ते उपचार कसे करतील?"

"बारा वर्सं लपीवलं म्या. सासूपास्नं लपीवलं. आता मरताना सांगू?"

खिडकीत ती खोकली. फोनमध्ये खोकला क्षणभर उशिरा आला.

मी म्हटलं, "परडी मी फेकली."

खिडकीत तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ग्रहणाच्या दिवशी. कड्यावरून. मला माहीत नव्हतं आत काय आहे."

पाऊस छत्रीवर वाजत होता. वर ती हललीही नाही. मग फोनमधून विचित्र आवाज आला. ती हसत होती.

"तुमचं घर म्या इसरलेच की गं," ती म्हणाली. "समद्या गावाचा हिशोब केला. बाज्या शिवायचा न्हाई, धोंडी शिवायची न्हाई. आन तुमी न्हाई भीत, ह्ये ध्यानातच न्हाई आलं."

"भ्याले मावशी. आत खुळखुळलं, म्हणून भ्याले. म्हणून फेकली."

"भ्यालीस?" ती म्हणाली. "बाटलीत कापूस घालाय सांगाया पायजे व्हतं त्याला."

मी रडायला लागले. ती वरून बघत राहिली. मग म्हणाली, "गप. त्या पांढऱ्या भुताच्या हातात दी बाटली. कागद राहू दी. सांगते म्या. तोंडं झाकल्याली हायेत समद्यांची. झाकल्या तोंडाला सांगाया काय लाज?"

अर्ध्या तासानं एक पांढरा पोशाख फाटकाशी आला. डॉक्टर होते. फक्त डोळे दिसत होते, तेही वाफ धरलेल्या काचेमागे.

"औषध किती दिवस बंद होतं?"

"एकवीस."

ते म्हणाले, "आल्याबरोबर विचारलं होतं, दुसरा काही आजार? नाही म्हणाल्या."

मी विचारलं, "खंड पडला म्हणून असं झालं का?"

"ज्यांची गोळी नियमित चालू असते, त्यांचं बऱ्याचदा इतरांसारखंच असतं. खंड पडला की तो विषाणू परत डोकं वर काढतो, ताकद उतरू शकते. यांच्या बाबतीत किती फरक पडला, मला सांगता येणार नाही." मग म्हणाले, "कुणालाच नाही येणार."

एवढंच उत्तर मला मिळालं. अजून तेवढंच आहे.

कागद गावात जाणार नाही, हा शब्द त्यांनी पाळला. मावशी एकोणीस दिवस ऑक्सिजनवर होती. ऑगस्टमध्ये परत आली. केस गळाले होते, गालफडं बसली होती. गाव तिला बघून आणखी भ्यालं. मरायला गेलेली बाई परत आली होती आणि आबा आला नव्हता.

महिनाअखेरीस भैरवनाथाच्या पटांगणात गाव जमलं. सगळी तोंडं बांधलेली. मावशीला एका कडेला उभं केलं होतं. बाजीरावाच्या डोक्यावर केस नुकते वर येत होते.

"मला भांडान करायचं न्हाई," तो म्हणाला. "माजा बाप गेला. ही तिठ्यावर काय करत व्हती, येवडंच सांगावं हिनं."

मावशीनं पदराचं टोक हातात घेतलं.

"आजून येक. तळेगावची मोटारसायकल यायची तितं. म्या लांबून बगितलीया. गड्याच्या पिशवीवर लाल फितीचं चित्र व्हतं."

"लाल फीत मंजी?" धोंडाबाईंनी विचारलं.

"दवाखान्यात भितीवर आसतं, आजी. त्या रोगाचं."

पटांगणातली माणसं मावशीकडे वेगळ्या डोळ्यांनी बघायला लागली. आठवायला लागली. नवरा. क्षय. महिन्याची पुण्याची खेप. गोष्ट जुळायला एकच दुवा कमी होता आणि तो आता कुणाच्याही तोंडून निघाला असता. मला मावशीचे हात दिसत होते. पदराच्या टोकाला पीळ देत होते.

"परडी मी पाहिली," मी म्हणाले.

सगळे वळले. आई माझ्या शेजारीच उभी होती.

"ग्रहणाच्या दिवशी. दहीभात होता, लिंबू होतं, बांगड्या होत्या. उताराच होता तो. मोटारसायकलवाला माझ्याकडे यायचा. माझी पुस्तकं घेऊन. कॉलेजातला आहे."

"पुस्तकं?" बाजीराव म्हणाला.

"पुस्तकं."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मग पदर सोडला आणि मान वर केली.

"म्याच ठेवली परडी," ती म्हणाली. "ग्रहणाची ठेवली. आजून कुनाला काय इचारायचंय?"

कुणालाच काही विचारायचं नव्हतं. बाजीराव दोन पावलं मागे सरला. मग त्याच्या मागचे. पटांगणात तिच्याभोवती मोठी मोकळी जागा तयार झाली.

आई घरात शिरल्यावर म्हणाली, "आपल्या घरातली मुलगी भर गावात उताऱ्याची साक्ष देते. एका बाईला चेटकीण ठरवून येते." मी काही सांगू शकत नव्हते. ती माझ्याशी चार दिवस बोलली नाही. अजूनही कधी कधी माझ्याकडे बघते आणि विचारायचं राहून जातं तिचं.

या गोष्टीला आता पाच वर्षं झाली. मावशी ठणठणीत आहे. नवी गोळी आली, तीही चुकत नाही. बाटली फडताळात उघडी असते, कंगव्याशेजारी. बघायला घरात कुणी येतच नाही. नळावर बाया बाजूला होतात. "रांग लावावी लागत न्हाई," ती हसून सांगते. मध्ये खालच्या आळीतली एक बाई नवऱ्याची दारू सोडवून मागायला आली होती. मी विचारलं, "मग काय दिलंस?" "ताक दिलं. म्हनलं, त्याला न्हाई, तू पी."

मी पुण्याहून आले की तिच्याकडे जाते. गेल्या महिन्यात गेले तेव्हा ती हसली नाही. ओसरीवर बसून होती, हात मांडीवर उताणे.

"बाज्या आलता," ती म्हणाली. "ल्येक आजारी हाय त्याची. पाच दिस ताप. दवाखाना झाला, उतरंना. कुपाच्या भाईर हात जोडून हुबा राह्यला. म्हनला, सरूमावशी, सोड तिला. तुज्या पाया पडतो, सोड."

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हननार? म्या धरली न्हाई म्हनले आस्ते, तर पुन्यांदा समदं उकरून निगालं आस्तं. म्हनलं, सोडली. जा."

"मग?"

"त्या सांच्यालाच ताप उतरला."

"दवाखान्याचं औषध लागू पडलं असेल, मावशी."

"आसंल की."

ती तळहातांकडे बघत होती.

"पर 'सोडली' म्हनताना माज्या हातांस्नी मुंग्या आल्या गं," ती म्हणाली. "धरल्यालं काय सुटावं, तशा."